लहान नमुन्यावरून सरासरीचा अंदाज: टी-वितरणाने विश्वास अंतराल कसा काढावा

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील टॉवेलचा एखादा कारखाना उदाहरण म्हणून घेऊ. ग्राहकाने मागणी नोंदवताना एका टॉवेलचे वजन ४५० ग्रॅम असावे असे लिहून दिले आहे, माल तयार होऊन गठ्ठे बांधायचे राहिले आहेत, आणि या सगळ्या मालातील टॉवेलचे सरासरी वजन खरोखर किती भरते हे व्यवस्थापकाला पाहायचे आहे. हजारो टॉवेल एकेक करून तोलणे परवडत नाही, म्हणून दहा टॉवेल निवडून तोलले जातात आणि त्यांची सरासरी ४४८ ग्रॅम निघते. पण ४४८ हा आकडा त्या दहा टॉवेलांचा आहे. दुसरे दहा उचलले असते तर कदाचित ४५१ आले असते, कदाचित ४४५. संपूर्ण मालाची सरासरी कोणत्या मर्यादांच्या आत असण्याची शक्यता आहे आणि ते आपण कितपत खात्रीने म्हणू शकतो, हे सांगणाऱ्या मर्यादांच्या जोडीला विश्वास अंतराल म्हणतात. महाविद्यालयाच्या वर्गात त्यालाच कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हटले जाते.

नमुना लहान असताना हा अंतराल टी-वितरणाच्या साहाय्याने कसा काढायचा, हे या लेखात पायरीपायरीने पाहायचे आहे. सरासरी, वर्ग आणि वर्गमूळ एवढे येत असेल आणि हाताशी साधा कॅल्क्युलेटर असेल, तर पुढचे सगळे गणित स्वतः करून पाहता येईल, आणि ते करून पाहावेच. येथील आकडे समजावून देण्यासाठी रचलेले आहेत. ते कोणत्याही कारखान्याचे वा बागेचे नाहीत.

टी-वितरणाची गरज का पडते

ज्या मोठ्या समूहाबद्दल आपल्याला बोलायचे आहे त्याला समष्टी म्हणतात आणि त्यातून निवडलेल्या थोड्या वस्तूंना नमुना म्हणतात. नमुन्याची सरासरी समष्टीच्या सरासरीपासून साधारणपणे किती दूर जाईल, हे दोन गोष्टींवर अवलंबून असते: वस्तूंमध्ये मुळात किती फरक आहे, आणि नमुन्यात किती वस्तू आहेत. समष्टीचे प्रमाण विचलन, म्हणजे वजने सरासरीभोवती किती पसरली आहेत याचे माप, आपल्याला आधीच ठाऊक असते तर काम सोपे होते. त्या मापाला नमुनासंख्येच्या वर्गमुळाने भागायचे, १.९६ ने गुणायचे आणि सरासरीच्या दोन्ही बाजूंना तेवढे अंतर सोडायचे, की ९५ टक्क्यांचा अंतराल तयार झाला. हे १.९६ प्रसामान्य वितरणातून येते, ज्याची घंटेसारखी आकृती बारावीनंतरच्या जवळजवळ प्रत्येक सांख्यिकीच्या पुस्तकात असते.

अडचण अशी की समष्टीची सरासरी माहीत नाही पण तिचे प्रमाण विचलन मात्र माहीत आहे, अशी परिस्थिती व्यवहारात जवळपास कधीच येत नाही. तेही आपल्याला त्याच दहा टॉवेलांवरून अजमावावे लागते. म्हणजे आपल्याकडे दोन गोष्टी अज्ञात आहेत आणि दोन्हींचा अंदाज एकाच लहान नमुन्यावरून केलेला आहे. एखाद्या वेळी योगायोगाने दहाही टॉवेल एकमेकांच्या जवळच्या वजनाचे निघतात, पसारा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, अंतराल अरुंद होतो आणि खरी सरासरी त्याच्या बाहेर राहून जाते. हे वारंवार घडते, आणि नमुना जितका लहान तितके जास्त घडते. दहाच्या नमुन्यावर १.९६ वापरले तर ९५ टक्के म्हणून सांगितलेला अंतराल प्रत्यक्षात सुमारे ९२ टक्के वेळाच खरा ठरतो, पाचच्या नमुन्यावर सुमारे ८८ टक्के आणि तीनच्या नमुन्यावर तर जेमतेम ८१ टक्के वेळा. आपण जेवढी खात्री दिली तेवढी पाळली गेली नाही, हा यातला खरा दोष आहे. टी-वितरण हा दोष दूर करते. पसाराही अंदाजानेच घेतलेला आहे ही गोष्ट ते हिशेबात धरते आणि त्या प्रमाणात अंतराल रुंद करते.

हे काम विल्यम सीली गॉसेट यांचे. ते १८९९ साली डब्लिनच्या गिनेस या बीअर बनवणाऱ्या कंपनीत रुजू झाले आणि बार्ली, हॉप्स यांच्या चाचण्यांत त्यांना नेहमी मोजक्याच नोंदींवरून निर्णय घ्यावे लागत. १९०६-०७ मध्ये त्यांनी लंडनला सांख्यिकीतज्ज्ञ कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत काही काळ काम केले आणि १९०८ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात आपला निबंध ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापला, कारण कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने संशोधन प्रसिद्ध करणे कंपनीला मान्य नव्हते. म्हणूनच आजही पुस्तकांत ‘स्टुडंटचे टी’ असे लिहिलेले दिसते. सूत्रावर विसंबून न राहता गॉसेट यांनी ते हाताने तपासून पाहिले होते. ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी अशा उपलब्ध नोंदी त्यांनी ३००० पत्त्यांवर लिहिल्या, ते पत्ते चांगले पिसले आणि चार-चारचे ७५० नमुने करून निकाल सूत्राशी जुळतात का ते पाहिले. पुढे १९२० च्या दशकात रोनाल्ड फिशर यांनी या पद्धतीला आज आपण शिकतो ते गणिती रूप दिले, आणि विश्वास अंतरालाची कल्पना १९३० च्या दशकात येर्झी नेमन यांनी मांडली.

नमुना निवडणे, ही पहिली पायरी

पुढचे सूत्र कितीही अचूक असले तरी ते एक गोष्ट गृहीत धरते: नमुना यादृच्छिक आहे, म्हणजे समष्टीतील प्रत्येक वस्तूला निवडले जाण्याची सारखी संधी होती, आणि एका वस्तूच्या निवडीचा दुसरीवर परिणाम झाला नाही. नवशिक्यांचा सगळा वेळ सूत्रात जातो आणि ही पायरी दोन मिनिटांत उरकली जाते, याचे मला फार वाईट वाटते, कारण येथे झालेली चूक पुढे कोणत्याही गणिताने भरून निघत नाही.

टॉवेलच्याच बाबतीत पाहा. सर्वांत वरच्या थप्पीतले दहा टॉवेल उचलले, तर ते बहुधा एकाच मागावर, एकाच पाळीत विणलेले असतात. त्यांची वजने एकमेकांशी जुळती येणार, पसारा कमी दिसणार आणि अंतराल फसवा अरुंद येणार. त्याऐवजी सगळ्या मालाला क्रमांक द्यावेत, चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकाकडून यादृच्छिक क्रमांक घेऊन दहा क्रमांक काढावेत आणि नेमके तेच टॉवेल शोधून तोलावेत. हाताला लागला तो टॉवेल घेणे म्हणजे यादृच्छिक निवड नव्हे. हात नेहमी सोयीच्या जागीच जातो.

दुसरी काळजी तोलण्याची. कापूस हवेतला ओलावा शोषतो, आणि व्यापारात कच्च्या कापसाच्या कोरड्या वजनावर ८.५ टक्के ओलावा प्रमाण मानला जातो. म्हणजे सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात दुपारी तोललेला टॉवेल आणि श्रावणातल्या झडीत तोललेला तोच टॉवेल यांचे वजन सारखे येणार नाही. म्हणून वस्त्रोद्योगाच्या प्रयोगशाळांत माल आधी ठरावीक हवामानात, आपल्याकडे २७ अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता अशा स्थितीत, ठेवून मगच तोलला जातो. काटा रिकामा असताना शून्य दाखवतो का, हेही पाहावे. काटाच तीन ग्रॅम जास्त दाखवत असेल तर दहाही नोंदी तीन ग्रॅमने चुकतील, आणि विश्वास अंतराल ती चूक दाखवणार नाही. नमुन्यागणिक होणारा योगायोगाचा फरक तेवढा त्याला कळतो. सगळ्या नोंदी एकाच दिशेला ढकलणारी चूक त्याला दिसत नाही.

सरासरी, पसारा आणि प्रमाण त्रुटी

दहा टॉवेलांची वजने ग्रॅममध्ये अशी आली असे धरू: ४४८, ४५५, ४४१, ४५२, ४४६, ४३८, ४५०, ४४४, ४५७, ४४९. पुढे जाण्याआधी ही वजने लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावून एकदा डोळ्यांखालून घालावीत. लिहिताना अंकांची अदलाबदल झाली तर ती येथेच सापडते, आणि अशी एक अदलाबदल किती महागात पडते ते आपण पुढे पाहणार आहोत.

दहा वजनांची बेरीज ४४८०, म्हणून सरासरी ४४८. आता प्रत्येक वजनातून सरासरी वजा करावी. क्रमाने मिळणारे फरक असे: ०, ७, −७, ४, −२, −१०, २, −४, ९, १. यांची बेरीज शून्य येते. ती नेहमीच शून्य येते, त्यामुळे आपली वजाबाकी बरोबर आहे की नाही याची ही चांगली पडताळणी आहे. फरकांचे वर्ग करावेत: ०, ४९, ४९, १६, ४, १००, ४, १६, ८१, १. त्यांची बेरीज ३२०.

या ३२० ला दहाने न भागता नऊने भागायचे आहे, आणि याचे कारण आत्ताच आपल्या डोळ्यांसमोरून गेले. फरकांची बेरीज शून्य असावीच लागते, म्हणून पहिले नऊ फरक कळले की दहावा आपोआप ठरतो. शेवटचा १ झाकून ठेवा आणि उरलेल्या नऊंची बेरीज करा. ती −१ येईल, म्हणजे झाकलेला आकडा १ च असला पाहिजे. स्वतंत्र माहिती नऊच फरकांत आहे. या संख्येला स्वातंत्र्याच्या कोटी किंवा डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात, आणि एका सरासरीच्या प्रश्नात ती नमुनासंख्येपेक्षा एकने कमी असते.

३२० भागिले ९ म्हणजे ३५.५५६, आणि त्याचे वर्गमूळ ५.९६३. हे नमुन्याचे प्रमाण विचलन झाले. एक टॉवेल सरासरीपासून साधारणपणे सहा ग्रॅम इकडेतिकडे असतो, असा त्याचा ढोबळ अर्थ.

आता त्याला नमुनासंख्येच्या वर्गमुळाने भागावे. दहाचे वर्गमूळ ३.१६२३, म्हणून ५.९६३ भागिले ३.१६२३ म्हणजे १.८८६ ग्रॅम. ही प्रमाण त्रुटी. प्रमाण विचलन एकेका टॉवेलबद्दल बोलते, तर प्रमाण त्रुटी दहा टॉवेलांच्या सरासरीबद्दल बोलते. अहवाल वाचताना हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरलेले मी इतक्यांदा पाहिले आहेत की प्रत्येक वेळी पूर्ण नाव लिहावे असाच माझा आग्रह आहे. नुसते ‘अधिक-उणे १.९’ लिहिले तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

टी-कोष्टक वाचणे आणि अंतराल मांडणे

प्रमाण त्रुटीला १.९६ ऐवजी कोणत्या गुणकाने गुणायचे, ते टी-कोष्टकात मिळते. कोष्टकात उभ्या बाजूला स्वातंत्र्याच्या कोटी असतात आणि वरच्या ओळीत संभाव्यता असते. आपल्याला ९५ टक्क्यांचा अंतराल हवा, म्हणजे ५ टक्के बाहेर ठेवायचे, आणि तेही दोन्ही टोकांना अडीच-अडीच टक्के. कोष्टक दोन टोकांचे असेल तर ०.०५ चा स्तंभ बघावा, एका टोकाचे असेल तर ०.०२५ चा. नऊच्या ओळीत या स्तंभाखाली २.२६२ मिळेल. तेथे १.८३३ दिसले तर समजावे की स्तंभ चुकला. तो आकडा ९० टक्क्यांच्या अंतरालाचा आहे.

कोष्टकातील हा स्तंभ एकदा वरून खाली वाचून पाहावा, कारण टी-वितरणाचा सगळा स्वभाव त्यात दिसतो. एका कोटीला १२.७०६, दोनला ४.३०३, चारला २.७७६, नऊला २.२६२, एकोणीसला २.०९३, तीसला २.०४२, साठला २.०००, एकशेवीसला १.९८०, आणि शेवटी अनंताच्या ओळीत १.९६०. दोनच नोंदी असतील तर प्रमाण त्रुटीच्या जवळपास तेरापट अंतर दोन्ही बाजूंना सोडावे लागते. तीन-चार नोंदींपर्यंत ही किंमत फार झपाट्याने उतरते आणि पुढे हळूहळू. ‘तीसच्या वर नमुना असेल तर टी वापरू नये’ असा नियम पुष्कळांना पाठ असतो. तो छापील कोष्टकाच्या जमान्यातील सोयीचा भाग होता. संगणक हाताशी असताना नमुना दहाचा असो की दोनशेचा, प्रमाण विचलन नमुन्यातूनच काढलेले असेल तर सरळ टी वापरावे.

शेवटचा गुणाकार: २.२६२ गुणिले १.८८६ म्हणजे ४.२७ ग्रॅम. सरासरीतून हे वजा केले की ४४३.७ आणि मिळवले की ४५२.३. मधल्या पायऱ्यांत दशांश कापू नयेत. शेवटच्या उत्तरातच एका स्थळापर्यंत पूर्णांकन करावे. अहवालात हे असे लिहावे: ‘दहा टॉवेलांच्या यादृच्छिक नमुन्यावरून सरासरी वजन ४४८.० ग्रॅम, समष्टीच्या सरासरीसाठी ९५ टक्के विश्वास अंतराल, टी-वितरणानुसार, ४४३.७ ते ४५२.३ ग्रॅम.’ नमुनासंख्या, टक्केवारी आणि पद्धत हे तिन्ही त्या वाक्यात आलेच पाहिजे.

जास्त खात्री हवी असेल तर जास्त रुंद अंतराल स्वीकारावा लागतो. ९९ टक्क्यांसाठी नऊ कोटींना ३.२५० हा गुणक आहे, आणि अंतराल ४४१.९ ते ४५४.१ होतो, ९० टक्क्यांसाठी तो ४४४.५ ते ४५१.५ इतका आवळतो. टक्केवारी आधी ठरवावी आणि मग माहिती गोळा करावी. उत्तर पाहून टक्केवारी बदलणे अप्रामाणिक आहे.

एक्सेलमध्ये हेच करायचे तर सरासरीसाठी ‘एव्हरेज’, प्रमाण विचलनासाठी ‘एसटीडीईव्ही.एस’ आणि गुणकासाठी ‘टी.इन्व्ह.२टी’ ही सूत्रे वापरावीत. शेवटच्या सूत्रात ०.०५ आणि ९ हे दोन आकडे द्यावेत. ‘कॉन्फिडन्स.टी’ हे सूत्र गुणाकारासकट ४.२७ एकदम देते. जवळपासच्या नावांपासून मात्र सावध राहावे. ‘एसटीडीईव्ही.पी’ नऊऐवजी दहाने भागते आणि ५.६५७ देते, ‘कॉन्फिडन्स.नॉर्म’ टीऐवजी १.९६ वापरते, आणि नुसत्या ‘टी.इन्व्ह’ला ०.९५ दिले तर तेच चुकीचे १.८३३ हाती येते. कॅल्क्युलेटरवरही प्रमाण विचलनाच्या दोन कळा किंवा दोन पर्याय असतात. आपल्याला एकने कमी करून भागणारा पर्याय हवा. शंका आली तर वरच्या दहा वजनांवर चालवून पाहावे आणि ५.९६३ येते का ते बघावे.

या अंतरालाचा अर्थ काय, आणि काय नाही

सर्वांत जास्त गैरसमज येथेच होतात, म्हणून थोडे सावकाश जाऊ. ‘खरी सरासरी ४४३.७ आणि ४५२.३ यांच्यामध्ये असण्याची संभाव्यता ९५ टक्के आहे’ हे वाक्य बोलण्यात सहज येते, पण नेमन यांच्या मांडणीत ते बरोबर नाही. मालाची खरी सरासरी ही एक ठरलेली संख्या आहे. आपल्याला ती माहीत नाही एवढेच. ती या अंतरालात आहे किंवा नाही. बदलतो तो अंतराल, कारण नमुना बदलला की तो बदलतो. ९५ टक्के हा आकडा पद्धतीचा आहे: याच रीतीने पुन्हा पुन्हा नमुने घेऊन प्रत्येक वेळी अंतराल काढला, तर त्यांपैकी सुमारे ९५ टक्के अंतराल खऱ्या सरासरीला आपल्या पोटात घेतील. हाती आलेला एक अंतराल त्या ९५ मधला आहे की उरलेल्या पाचांमधला, हे त्याच्याकडे बघून कळत नाही.

हे पटण्यासाठी गॉसेट यांनी केले तेच वर्गात करून पाहावे. वर्गातल्या सर्व मुलांची उंची चिठ्ठ्यांवर लिहा, सगळ्यांची मिळून खरी सरासरी काढून फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, आणि मग प्रत्येकाने डब्यातून एक चिठ्ठी काढायची, उंची नोंदवायची, चिठ्ठी परत टाकून डबा हलवायचा, अशा रीतीने पाच नोंदी घ्यायच्या. चार कोटींना गुणक २.७७६. प्रत्येकाने आपला अंतराल फळ्यावर आडव्या रेषेने काढावा आणि खऱ्या सरासरीची उभी रेषा त्यावरून ओढावी. बहुतेक आडव्या रेषा उभ्या रेषेला छेदतील, एखाददुसरी बाजूला राहील. रेषांची लांबीही सारखी नसेल, कारण प्रत्येकाचा पसारा वेगळा आलेला असेल. नंतर २.७७६ ऐवजी १.९६ घेऊन तेच करावे आणि बाजूला राहिलेल्या रेषा मोजाव्यात.

दुसरा गैरसमज असा की ९५ टक्के टॉवेल या मर्यादांमध्ये असतात. आपल्याच दहा नोंदी पाहा: ४३८, ४४१, ४५५ आणि ४५७ हे चार टॉवेल अंतरालाच्या बाहेर आहेत, आणि त्यात काहीही बिघडलेले नाही. अंतराल सरासरीचा आहे, एकेका टॉवेलचा नाही. पुढचा एक टॉवेल किती वजनाचा असेल हे विचारायचे असेल तर वेगळा अंतराल लागतो. त्यात प्रमाण विचलनाला १ अधिक १/१० याच्या वर्गमुळाने, म्हणजे १.०४९ ने, गुणून मग २.२६२ ने गुणतात. उत्तर १४.१ ग्रॅम येते, म्हणजे सुमारे ४३३.९ ते ४६२.१. दोन्हींतला फरक केवढा मोठा आहे ते लक्षात घ्यावे. एखाद्या ग्राहकाची तक्रार एका टॉवेलबद्दल असेल तर त्याला पहिला अंतराल दाखवून उपयोग नाही.

आता व्यवस्थापकाचा मूळ प्रश्न. ४५० हा आकडा ४४३.७ आणि ४५२.३ यांच्या मध्ये पडतो. याचा अर्थ माल वजनात कमी आहे असे या दहा टॉवेलांवरून म्हणता येत नाही. पण माल ४५० चाच आहे असेही सिद्ध होत नाही, कारण ४४५ हा आकडाही त्याच अंतरालात आहे. ‘अजून ठरवता येत नाही’ हेही एक उत्तर आहे, आणि ते स्पष्टपणे लिहिण्याचे धैर्य ठेवावे. ठरवायचेच असेल तर नमुना वाढवावा.

कोठे सांभाळावे

टी-वितरण प्रसामान्य समष्टीसाठी सिद्ध केलेले आहे, पण समष्टी थोडीफार वेगळी असली तरी ते चांगले टिकते. एकीकडे खूप झुकलेली माहिती आणि लहान नमुना एकत्र आले की मात्र ते दगा देते. एखाद्या दुकानाच्या रोजच्या विक्रीचा विचार करा: वर्षभर विक्री साधारण सारखी असते आणि संक्रांतीच्या सुमारास, सोलापुरातील सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, एकदम कितीतरी पटींनी वाढते. अशा वर्षातून आठ दिवस निवडून काढलेल्या अंतरालावर विसंबू नये. यात्रेचे दिवस आणि इतर दिवस असे दोन वेगळे गट करून अभ्यास करणे अधिक योग्य.

एकच चुकीची नोंद काय करते ते आपल्याच आकड्यांवर पाहू. ४५७ च्या जागी लिहिणाऱ्याने ५४७ लिहिले असे समजा. सरासरी ४५७ होते, प्रमाण विचलन ५.९६३ वरून ३२.०२ वर जाते, आणि अंतराल ४३४.१ ते ४७९.९ इतका फुगतो. दहापैकी नऊ नोंदी जशाच्या तशा असताना सगळा निष्कर्ष निरुपयोगी झाला. याचा अर्थ वेगळी दिसणारी प्रत्येक नोंद खोडावी असा नाही. आधी मूळ वहीत पाहावे, शक्य असल्यास तोच टॉवेल पुन्हा तोलावा, आणि नोंद खरीच निघाली तर ती ठेवून तसे लिहावे.

यापेक्षाही घातक चूक नमुनासंख्या मोजण्यात होते, आणि शेतीच्या माहितीत ती फार आढळते. डाळिंबाच्या बागेत भगवा वाणाच्या फळाचे सरासरी वजन काढायचे आहे. कोणी यादृच्छिकपणे पाच झाडे निवडली आणि प्रत्येकावरची आठ फळे तोलली. एकूण फळे चाळीस, म्हणून नमुनासंख्या चाळीस आणि कोटी एकोणचाळीस असे धरण्याचा मोह होतो. पण एका झाडावरच्या फळांना तेच पाणी, तेच खत आणि तीच छाटणी मिळालेली असते. ती एकमेकांसारखी असतात. स्वतंत्रपणे निवडली गेली ती झाडे. म्हणून आधी प्रत्येक झाडाच्या आठ फळांची सरासरी काढावी. त्या सरासरी २५२, २७१, २३८, २६४ आणि २४५ ग्रॅम आल्या असे धरू. आता नमुनासंख्या पाच, कोटी चार. एकूण सरासरी २५४, फरकांच्या वर्गांची बेरीज ७३०, प्रमाण विचलन १३.५१, प्रमाण त्रुटी ६.०४, आणि २.७७६ ने गुणल्यावर १६.८. अंतराल २३७.२ ते २७०.८ ग्रॅम. तो रुंद वाटतो, पण पाच झाडांवरून संपूर्ण बागेबद्दल तेवढेच म्हणता येते. अशा वेळी एका झाडावरची आणखी फळे तोलण्यापेक्षा आणखी झाडे निवडावीत. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे लंडनमध्ये शिकून आल्यावर भारतात पीक कापणी प्रयोगांसाठी यादृच्छिक नमुना पद्धत रुजवणाऱ्यांपैकी एक होते. गाव, मग शेत, मग शेतातला कापणीचा तुकडा अशा टप्प्याटप्प्याने निवड करण्यामागे हाच विचार असतो.

तुलनेचा एक सोपा प्रकारही याच रीतीने सुटतो. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत ज्वारीच्या प्रत्येक शेतात अर्ध्या भागाला एक प्रक्रिया आणि अर्ध्या भागाला दुसरी दिली असेल, तर प्रत्येक शेतातील दोन उत्पन्नांची वजाबाकी करावी आणि त्या वजाबाक्यांनाच नमुना मानून वरच्या सर्व पायऱ्या कराव्यात. अंतरालात शून्य येत असेल तर फरक सिद्ध झालेला नाही.

नमुना किती घ्यावा

टॉवेलच्या सरासरीचा अंदाज दोन्ही बाजूंना दोन ग्रॅमच्या आत हवा असेल तर किती टॉवेल तोलावे लागतील? येथे टीचा गुणक नमुनासंख्येवरच अवलंबून असल्याने उत्तर एका फटक्यात मिळत नाही. आधी १.९६ घेऊन अंदाज करावा: १.९६ गुणिले ५.९६३ भागिले २ म्हणजे ५.८४, त्याचा वर्ग ३४.१, म्हणून किमान ३५. आता ३४ कोटींचा खरा गुणक २.०३२ घेऊन तपासले तर अंतर २.०५ ग्रॅम येते, म्हणजे ३५ पुरत नाहीत. ३६ ला ते २.०२ येते आणि ३७ ला १.९९. उत्तर ३७. अंतर निम्म्यावर आणायला नमुना साधारण चौपट लागतो हेही यातून दिसते: दहा टॉवेलांना ४.२७ ग्रॅम होते, सदतीसांना दोन ग्रॅमच्या खाली आले. पहिल्या दहांवरून काढलेले ५.९६३ हे स्वतःच अंदाजी आहे, म्हणून ३७ हा किमान आकडा मानून चाळीसच्या पुढे काही टॉवेल जास्त निवडावेत आणि ते सगळे तोलून झाल्यावरच अंतराल नव्याने काढावा. मधेच थांबून, मनासारखे उत्तर आले की तोलणे बंद करणे असे करू नये. तसे केल्यास ९५ टक्क्यांची हमी राहत नाही.